जॉन ली: गाव वसवणारा, शिक्षा झालेला, आणि एकटाच?

कोर्टाने एखाद्याला दोषी ठरवलं की इतिहासाच्या अभ्यासकाचं काम संपतं का? जॉन डी. लीबद्दल वाचल्यापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

ली मॉर्मन पंथाचा, पंथप्रमुख ब्रिगहॅम यंग यांचा मानलेला मुलगा. १८५२ साली त्याने दक्षिण युटामध्ये हार्मनी ही वसाहत उभारली. १८५७ मध्ये अमेरिकेचं सैन्य युटाकडे निघालं होतं, वातावरण तापलेलं होतं. त्यातच आर्कान्साहून कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या कुटुंबांचा तांडा माउंटन मेडोज या कुरणात वेढला गेला. ११ सप्टेंबरला ली पांढरं निशाण घेऊन त्यांच्याकडे गेला. शस्त्रं खाली ठेवा, सुखरूप पोचवतो, असा शब्द त्याने दिला. सुमारे १२० माणसं मारली गेली, १७ लहान मुलं तेवढी वाचली. दोष मात्र पायूट आदिवासींवर ढकलला गेला.

१८७४ मध्ये नऊ जणांवर आरोप ठेवले गेले. लीच्या पहिल्या खटल्यात, १८७५ मध्ये, ज्युरीचं एकमत झालं नाही. पुढच्या वर्षी सगळ्या मॉर्मन सदस्यांच्या ज्युरीने त्याला दोषी ठरवलं. २३ मार्च १८७७ रोजी त्याच कुरणात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. शिक्षा झालेला तो एकटाच.

आता साधनांकडे येऊ. लीचा कबुलीजबाब त्याच्या मृत्यूनंतर, त्याच्याच वकिलाने संपादित करून छापला. लीच्या रोजनिश्याही आहेत, पण त्या छापून आल्या १९५५ मध्ये. म्हणजे माणूस एकच, पण एक मजकूर मरणाच्या दारात सांगितलेला आणि दुसऱ्याच्या हातून गेलेला, तर दुसरा रोजच्या रोज लिहिलेला. दोन्ही एकाच तराजूत कसे तोलणार?

हे काम केलं जुआनिटा ब्रूक्स यांनी. त्या स्वतः मॉर्मन होत्या, त्याच भागात राहायच्या. १९५० च्या पुस्तकात त्यांनी दाखवून दिलं की या कटात स्थानिक पुढारी आणि सैन्यदलाचे अधिकारीही होते. ली त्यांच्या मते बळीचा बकरा होता, पण निर्दोष नव्हता. नवख्या अभ्यासकाचा पाय इथेच घसरतो. आपण एक तर माणसाला सैतान ठरवतो, नाहीतर त्याला सोडवायला निघतो.

तुमच्या विषयात एखादा निकाल किंवा कबुलीजबाब हाती लागला, तर त्याच्या शेजारी एक ओळ लिहून ठेवा: या कागदामुळे कोण सुटलं?