स्तनाच्या कर्करोगाचे निदान : मुंबईची नोंद आणि ठाणे-कल्याणचा प्रदेश

कर्करोगाच्या इतिहासात रोग केव्हा उत्पन्न झाला याची नोंद सहसा सापडत नाही; सापडते ती निदानाची. म्हणून स्तनाच्या कर्करोगाचे आकडे हे रोगाच्या प्रमाणाइतकेच स्त्री आणि वैद्यक यांमधील अंतराचेही मापन होय. २०२२ सालच्या अंदाजानुसार त्या वर्षी जगात सुमारे २३ लाख स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ६ लाख ७० हजार स्त्रिया त्यास बळी पडल्या. भारतातील हेच आकडे अनुक्रमे १ लाख ९२ हजार व ९८ हजार असे आहेत. जगात मृत्यूंचे प्रमाण नव्या रुग्णांच्या तृतीयांशाहून कमी, तर भारतात निम्म्याच्या आसपास आहे. या तफावतीच्या मुळाशी अनेक कारणे असली, तरी विलंबाने होणारे निदान हे त्यांतील एक प्रमुख कारण होय. स्तनातील गाठ प्रारंभी बहुधा दुखत नाही. आणि जे दुखत नाही ते सांगितले जात नाही.

न सांगण्याची ही समस्या नवी नव्हे. १८८३ साली श्रीरामपूर येथे दिलेल्या व्याख्यानात आनंदीबाई जोशी यांनी आपल्या अमेरिकागमनाचे कारण सांगताना हिंदू स्त्रीवैद्यांच्या निकडीवरच भर दिला होता. त्यांचा जन्म १८६५ साली कल्याणचा. १८८६ साली त्यांनी वैद्यकाची पदवी संपादन केली. त्याच वर्षी मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. परंतु पुढच्याच वर्षी त्या निवर्तल्या, आणि त्यांच्या विद्येचा लाभ रुग्णांस होऊ शकला नाही.

विसाव्या शतकात या रोगाच्या उपचाराचे केंद्र मुंबईत परळ येथे स्थिरावले. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. १९५१ साली डॉ. जस्सावाला व नवल टाटा यांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संस्था स्थापन झाली आणि १९६३ साली तिने मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. ठराविक लोकसंख्येतील सर्व रुग्णांची गणना करणारी ही भारतातील पहिली नोंदणी. मुंबईतील पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांतील स्त्रियांपेक्षा अधिक आहे, हे तिच्याच आधारे १९७० च्या दशकात प्रकाशात आले. गणना झाली म्हणूनच भेद दिसला.

तथापि अशा नोंदणीचा एक नियम असतो : रुग्ण त्या क्षेत्राचा रहिवासी असला पाहिजे. मुंबई नोंदणीचे क्षेत्र बृहन्मुंबई हे होते. ठाण्यास रेल्वे १८५३ साली आली व कल्याणास १८५४ साली. त्यामुळे या गावांतील स्त्रीला परळचे रुग्णालय गाठणे शक्य झाले. पण तेथे निदान झाले, तरी मुंबईच्या रोगप्रमाणात तिची गणना होत नसे. १९८२ साली ठाण्यास व १९८३ साली कल्याण-डोंबिवलीस महानगरपालिका आल्या. २०११ च्या जनगणनेत या दोन शहरांची लोकसंख्या मिळून ३० लाखांवर गेली. उपचाराच्या दृष्टीने हा प्रदेश मुंबईचा, गणनेच्या दृष्टीने मुंबईबाहेरचा, अशी ही स्थिती होय.

मग अंतर कमी कसे होते? याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते रुग्णालयात वाट पाहत न बसता गावोगावी जात व लोकांना रोगाची लक्षणे समजावून सांगत. परिणामी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान पूर्वीपेक्षा आधीच्या अवस्थेत होऊ लागले. दुसरे उदाहरण मुंबईच्या झोपडवस्त्यांतील. १९९८ साली तेथे ३५ ते ६४ वयोगटातील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास आरंभिला गेला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांच्या स्तनांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या व चौथ्या अवस्थेत निदान होण्याचे प्रमाण तपासलेल्या गटात ३७ टक्के, तर इतर गटात ४७ टक्के होते. एकूण मृत्यूंतील १५ टक्के घट संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक ठरली नाही. पन्नाशीपुढील स्त्रियांत मात्र ती सुमारे ३० टक्के आढळली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्रसामग्रीचा अभाव हे विलंबाचे एकमेव कारण नव्हे. घराच्या दारी येऊन विचारणारी स्त्री नसणे हेही तितकेच मोठे कारण आहे. २०१६ साली भारत सरकारने तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी अशाच तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ती कितपत सफल झाली हे ठरविताना किती रुग्ण सापडले एवढेच पाहणे पुरेसे नाही. ते कोणत्या अवस्थेत व कोणत्या गावचे सापडले, हेही पाहावे लागेल. ठाणे-कल्याणसारख्या प्रदेशाचा इतिहास लिहिताना या दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व पहिल्याहून अधिक आहे.