वडाळ्याहून निघालेली वाट

गटाची बैठक झाली, हिशेबाची वही मिटली, की आम्ही दहा-बारा जणी थोडं बसतो. मागच्या महिन्यात अशाच बसलो होतो तेव्हा आमच्यातली एक जण बोलता बोलता थांबली आणि पदर डोळ्याला लावून म्हणाली, "मला उठू द्या, त्यांना कूस बदलायची वेळ झाली." तिचे मालक फौजेतून निवृत्त झालेले. एकाहत्तरची लढाई पाहिलेला माणूस. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून खाटेवर. त्या दिवशी आम्ही सगळ्याच तिच्याबरोबर तिच्या घरी गेलो. आजचं हे बोलणं तिथून सुरू झालं.

नेवासा म्हटलं की सगळ्यांना पैस खांब आठवतो. त्या खांबाला टेकून माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंद बाबांनी ती लिहून घेतली, शके 1212 म्हणजे सन 1290 मध्ये. त्या सच्चिदानंदांची कथाही आपण लहानपणापासून ऐकतो. नवरा गेला म्हणून त्यांची बायको सती जायला निघाली होती, माउलींनी तिला सौभाग्याचा आशीर्वाद दिला आणि नवरा उठून बसला. कथा आहे, पण आम्हाला त्यातली ती बाई नेहमी जवळची वाटते. नवऱ्याच्या आजारपणाचं ओझं तिच्याच डोक्यावर होतं ना!

पण आज सांगायची ती गोष्ट एवढी जुनी नाही. ती आपल्याच तालुक्यातल्या वडाळा बहिरोबाची आहे. नगरहून संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर घोडेगाव मागे टाकलं की वडाळा लागतं. आपण एसटीतून कितीदा गेलो असू. तिथल्या मिशनच्या दवाखान्यात 1962 साली एक तरुण जोडपं कामाला आलं, डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे. रजनीकांत नगर जिल्ह्यातलेच, शिक्षकांच्या घरातले. मेबलबाई बाहेरच्या, मराठी ही त्यांची जन्मभाषा नव्हती. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. 1960 साली लग्न केलं तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं, की आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी घालवायचं.

वडाळ्यात त्यांनी चार वर्षं राबून काम केलं. रांगा लागायच्या. बाळंतपणं, ऑपरेशनं, जुलाबानं सुकलेली पोरं. औषध द्यायचं, पोर हसतं करून आईच्या कडेवर द्यायचं, आणि थोड्याच दिवसांत तेच पोर त्याच दुखण्यानं परत यायचं. घरी पाणी तेच, ताटात अन्न तेवढंच, मग दुसरं काय होणार? दवाखान्यात येणाऱ्या आजारांपैकी बरेचसे गावातच, घरातच अडवता येण्यासारखे आहेत, हे त्या दोघांच्या ध्यानात आलं ते इथे, आपल्या तालुक्यात. जे रस्त्यापर्यंत पोचूच शकत नाहीत ते दवाखान्याच्या वहीत कधी येतच नाहीत, हेही त्यांनी पाहिलं. जामखेडचं नाव पुढे जगभर झालं, पण ज्या प्रश्नातून जामखेड उभं राहिलं तो प्रश्न वडाळ्याचा आहे. आपल्याकडे हे कोणी फारसं सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतोय.

1966 साली ते दोघं पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. डॉक्टरकीच्या वरच्या शिक्षणाबरोबर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. तिथे राहिले असते तर कोणी नावं ठेवली नसती. पण 1970 साली परत आले ते थेट जामखेडला. आपल्याच जिल्ह्याचा दक्षिणेचा कोपरा, पाण्याची बोंब असलेला. दोन वर्षांत बहात्तरचा दुष्काळ पडला. खडी फोडायला गेलेल्या आपल्या आया-सासवांना तो अजून आठवतो.

सुरुवातीला त्यांनाही वाटलं होतं, की शिकलेल्या नर्सबाई गावात ठेवल्या की काम होईल. ते काही जमलं नाही. परक्या गावात एकटी तरुण मुलगी राहणार कशी, आणि गावच्या बाया तिच्याजवळ मन मोकळं करणार कशा? मग गावातलीच बाई शिकवायची असं ठरलं. निवडल्या गेलेल्या कितीतरी जणी निरक्षर होत्या, काही दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. गावानं ज्यांना कधी मोजलं नव्हतं अशा. त्या आठवड्याला जामखेडला यायच्या, एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या, आणि दर आठवड्याला थोडंथोडं शिकून गावी परतायच्या. एकत्र जेवणं हे त्या काळात किती अवघड होतं हे आपण सांगायला नको. जात काही औषधाच्या गोळीनं जात नाही. विंधन विहिरी घेताना आरोळ्यांनी हिकमत केली, पाण्याची जागा दलित वस्तीत दाखवली. मग पाणी हवं तर बाकीच्यांना तिकडेच जावं लागलं.

या बायांचं काम घरोघरी चालायचं. गरोदर बाईला जाऊन बघणं, बाळंतपण करणं, जुलाब लागलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजणं, क्षयाच्या रोग्यानं गोळी गिळली का ते पाहणं. कुष्ठरोग झालेल्या माणसाला गावाबाहेर न काढता त्याच्या घरीच औषध चालू ठेवणं हे तर त्या काळात मोठंच धाडस होतं. डॉक्टर, नर्स आणि समाजकार्यकर्ते गाडीनं गावोगाव फिरायचे आणि या बायांना न झेपणारं तेवढं बघायचे. म्हणजे डॉक्टर वरून हुकूम देणारा नव्हता. खरी नाडी गावातल्या बाईच्या हातात, आणि डॉक्टर तिच्या पाठीशी. प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्या भागात हजार बाळं जन्मली तर 176 पहिल्या वाढदिवसाआधीच जायची. नव्वदच्या दशकात हा आकडा 30 च्या खाली आला होता. महिला मंडळं आणि तरुण शेतकरी मंडळं या कामात बरोबरीनं होती. हे ऐकताना आपल्या गटानंही मान थोडी ताठ करावी.

आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पुढे पद्मभूषण मिळालं. पण आम्हाला त्याहून आवडते ती मुक्ताबाई पोळ यांची गोष्ट. जामखेडच्या या आरोग्य कार्यकर्तीला 1988 साली वॉशिंग्टनला एका मोठ्या परिषदेत बोलायला नेलं. सभागृहात झगमगणारं झुंबर होतं. मुक्ताबाईंनी दोन साध्या पणत्या काढल्या, एकीवरून दुसरी लावली, आणि सांगितलं की झुंबर सुंदर आहे, पण ते फार महाग आणि दुसऱ्या झुंबराला पेटवत नाही. पणती मात्र पणतीला लावता येते. गावची बाई, परक्या देशात, असं बोलली! मेबलबाई 1999 साली गेल्या, रजनीकांत 2011 साली. काम आजही चालू आहे.

गंमत अशी, की ज्या वर्षांत जामखेडची सुरुवात झाली त्याच सुमारास, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेच्या सरकारनं आपल्या माजी सैनिकांसाठी घरी जाऊन उपचार करण्याची योजना सुरू केली. दवाखान्यात येणं ज्यांना झेपत नाही, ज्यांना एकाच वेळी चार-चार जुनाट दुखणी आहेत, अशा सैनिकांच्या घरी पथक जातं. पथकाचा प्रमुख डॉक्टर असतो. बरोबर नर्स, समाजकार्यकर्ता, आहार सांगणारी, व्यायाम करून घेणारा, औषधांचा जाणकार. सगळे ठरावीक दिवशी एकत्र बसून एकेका रोग्याबद्दल बोलतात. उंबऱ्यावर पाय अडखळतो का, गोळ्या एकमेकींना बाधतात का, आणि सेवा करणारी बायको किती थकली आहे, हेही बघतात. यातलं शेवटचं आम्हाला महत्त्वाचं वाटलं.

आपल्याकडे जखमी सैनिकाचा विचार झालाच नाही असं नाही. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या जवानांना धंदा शिकवण्यासाठी 1917 साली क्वीन मेरी संस्था निघाली, ती पुढे पुण्याजवळ खडकीला गेली. कमरेखाली लुळं पडलेल्या जवानांसाठी खडकीलाच 1974 पासून पुनर्वसन केंद्र आहे. नगर तर फौजेचंच शहर, रणगाड्यांचं प्रशिक्षण तिथे चालतं. आणि 1 एप्रिल 2003 पासून माजी सैनिकांसाठी इसीएचएस ही आरोग्य योजना आहे. ज्यांच्या घरात पेन्शन आहे त्यांना ते कार्ड माहीत आहे. फौजीच्या मागे राहिलेल्या बायकोलाही त्यात हक्क आहे.

पण कार्ड आणि खाट यांच्यामध्ये साठ किलोमीटर आहेत. आमच्या मैत्रिणीच्या घरी आम्ही त्या दिवशी पाहिलं. पाठीला जखम झालेली, लघवीची नळी, बोलता न येणारा उंचापुरा माणूस. त्यांना नगरला न्यायचं म्हणजे चार माणसं धरायची, गाडी सांगायची, दिवसभराचं भाडं मोजायचं, आणि परत येईपर्यंत जखम आणखी चिघळायची. गावाजवळच्या एका डॉक्टरांना घरी या म्हणून विनवलं, तर म्हणाले पेशंट इकडेच आणा. त्यांचीही ओपीडी भरलेली असते, आम्ही समजू शकतो. पण मग जायचं कुठे?

इथे जामखेडची आठवण आली. 2005 साली देशभर आशा आल्या, त्यांची कल्पना जामखेडसारख्या कामांतूनच वर आली. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी नवजात बाळाला घरीच सांभाळण्याची पद्धत गावच्या बायांना शिकवली. 39 गावांतला तो प्रयोग 1999 साली जगापुढे आला, आणि आज बाळ दवाखान्यात जन्मलं असलं तरी आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येते. बाळासाठी घरभेटीचा दिवस ठरलेला आहे. खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या घरी जायचं हेही वृद्धांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात लिहिलेलं आहे, तो 2010 च्या सुमारास सुरू झाला. पण लिहिलेलं सगळं उंबऱ्यापर्यंत येतं असं नाही. आशाताईवर किती कामं टाकायची, आणि मोबदला किती द्यायचा, हाही प्रश्न आहेच. आपल्या राज्यात त्यांना त्यासाठी संप करावा लागला. म्हणून आमचा राग तिच्यावर नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो. आरोग्य केंद्रात सगळ्या मिळून गेलो, एकटीदुकटी नाही. सिस्टरांनी घरी येऊन जखम धुवायला शिकवलं, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, टाचेखाली, कमरेखाली काय ठेवायचं ते दाखवलं. डॉक्टरही एकदा आले, गोळ्या तपासल्या आणि दोन बंद केल्या. नातवानं भिंतीवर कागद लावला आहे, कूस बदलली की वेळ लिहायची. दुपारच्या दोन पाळ्या आम्ही गटातल्या जणी वाटून घेतो, म्हणजे तिला तासभर झोप लागते. जखम अजून भरलेली नाही. पण वास गेला आहे, आणि परवा त्यांनी मैत्रिणीचा हात दाबला.

कागदांचंही एक काम निघालं. पेटीतून त्यांचं डिस्चार्ज बुक काढलं तर बायकोचं नाव माहेरचं, आधार कार्डावर सासरचं. असं असेल तर पुढे कुटुंब पेन्शनला आणि कार्डाला अडतं. नगरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज द्यायचा आहे, माणूस हयात आहे तोवर हे करून घेतलेलं बरं. तुमच्या गावात कोणी निवृत्त फौजी किंवा त्यांची पत्नी असेल तर डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ कागद आणि आधार कार्ड एकमेकांशेजारी ठेवून नावं आणि जन्मतारखा वाचा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीला वाचायला सांगा. आम्ही पुढच्या सोमवारी नगरला जाणार आहोत, मैत्रिणीबरोबर दोघी. घरी कूस बदलायला बाकीच्या आहेत.