कॉरिंथियन खांबावरचं पान

कॉरिंथियन खांबाच्या माथ्यावर अकॅन्थसची पानं कशी आली, याची गोष्ट व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने लिहून ठेवली आहे. कॉरिंथमधली लग्नाच्या वयाची एक मुलगी आजारपणात गेली. दाईने तिच्या आवडीच्या चीजवस्तू टोपलीत भरून थडग्यावर ठेवल्या, वर कौल झाकलं. टोपलीखाली नेमकं अकॅन्थसचं मूळ होतं. वसंतात पानं टोपलीला बिलगून वर चढली आणि कौलाच्या कोपऱ्यांशी अडून बाहेर वळली. तिथून चाललेल्या कॅलिमाकस या शिल्पकाराने ते रूप दगडात उतरवलं.

गोष्ट फारच नीटनेटकी आहे, म्हणून जपून घ्यावी. व्हिट्रुव्हियस हे लिहितो सुमारे चारशे वर्षांनी. आज माहीत असलेला सर्वांत जुना कॉरिंथियन खांब ग्रीसमधल्या बासी इथल्या अपोलोच्या देवळातला, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याच्या माथ्यावर पानं तळाशी, तीही बेताची; टोपली व्यापणारं झुडूप तिथे दिसतच नाही. कलेतिहासकार अलोइस रीग्लने १८९३ साली वेगळीच वंशावळ मांडली. ग्रीक कारागीर पिढ्यानपिढ्या पंख्याच्या आकाराची पामेट नक्षी काढत होते. तीच नक्षी दगडात उठावदार होत गेली आणि तिचा अकॅन्थस झाला. पामेटचं मूळ त्याने इजिप्तच्या कमळापर्यंत नेलं. मला रीग्ल पटतो, पण पुरता नाही. ग्रीक थडग्यांच्या शिळांवर अकॅन्थस खरोखरच कोरलेला आढळतो. तेव्हा दाईच्या गोष्टीतलं थडगं अगदीच हवेतलं नव्हे.

(आपला अडुळसा आणि सह्याद्रीतली कारवी अकॅन्थसच्याच कुळातली. पण त्यांच्या पानांना अकॅन्थससारखी खोल कातरलेली कड नाही.)

ग्रीकांनी हा खांब आधी देवळाच्या आतच ठेवला. अथेन्समधल्या लायसिक्रेटसच्या स्मारकावर, इ.स.पू. ३३४च्या सुमारास, तो इमारतीच्या बाहेरच्या अंगाला आला. त्याला खरा भाव दिला रोमनांनी. अथेन्स लुटल्यावर रोमन सेनापती सुल्लाने तिथल्या झ्यूसच्या अपुऱ्या देवळाचे खांब रोमला नेले, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. पूर्वेकडे गांधारच्या शिल्पींनी पानांच्या मधोमध बुद्ध बसवला. ग्रीक नक्षीचा इतका मोकळा वापर खुद्द ग्रीसमध्येही झाला नसेल.

वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये तर वास्तुकार बेंजामिन लॅट्रोबने १८०९ साली अकॅन्थस काढूनच टाकला आणि मक्याची कणसं लावली. १८१४ साली ब्रिटिशांनी ती इमारत जाळली, पण कणसांचे खांब वाचले.