होल्लोक्यो

उत्तर हंगेरीच्या नोग्राद परगण्यातील एक लहान खेडे. लोकसंख्या सुमारे ३०० ते ४००. बुडापेस्टच्या ईशान्येस सु. १०० किमी.वर, चेरहात टेकड्यांमधील एका अरुंद खोऱ्यात वसले आहे. वस्ती पालोत्स लोकांची. हंगेरियनची त्यांची स्वतंत्र बोली असून पंथाने ते रोमन कॅथलिक आहेत.

१२४१-४२ च्या मंगोल स्वारीनंतर काचिच घराण्याने येथील टेकडीवर दगडी किल्ला बांधला. डोमकावळ्यांच्या रूपातील सैतानाच्या पोरांनी त्याचे दगड पळवल्याची दंतकथा आहे. १५५२ मध्ये किल्ला तुर्कांच्या हाती गेला. पुढे त्याचे धनी बदलत राहिले आणि १६८३ मध्ये पोलंडचा राजा यान सोबिएस्की याने तो सोडवला. त्यानंतर किल्ल्याभोवतीची जुनी वस्ती मोडली आणि गाव पायथ्याशी आले.

नव्या गावाचा खरा शत्रू आग. घरे निखळ लाकडाची, पाया नाही, वर गवती छप्पर. घरबांधणीत लाकूड वापरू नये असे राजाचे फर्मान १७८२ मध्ये निघाले. गावाने ते मनावर घेतले नाही आणि पुन्हापुन्हा जळत राहिले. शेवटची मोठी आग १९०९ ची. तिच्यानंतर मात्र दगडी जोत्यावर, चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंतींची आणि लाकडी खांबांच्या ओसरीची घरे उभी राहिली. म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकांचे म्हणून नावाजलेल्या या गावातील बहुतेक घरे विसाव्या शतकातील आहेत. जुनी आहे ती मांडणी. गावात मुख्य रस्ता एकच. त्याला काटकोनात लांबट, चिंचोळ्या जागा. पहिल्या पिढीचे घर रस्त्याला लागून, मुलानातवंडांची त्याच जागेत मागे. धान्याची कोठारे घरांपासून दूर, शेतांच्या कडेला. गावाबाहेरची पट्टेवजा शेते, फळबागा आणि द्राक्षमळे हेही याच रचनेचे भाग आहेत. लाकडी मनोऱ्याचे छोटे चर्च १८८९ चे.

१९८७ मध्ये युनेस्कोने ५५ घरांचे हे जुने गाव परिसरासह जागतिक वारशाच्या यादीत घेतले. हंगेरीतून त्याच वर्षी बुडापेस्टचाही समावेश झाला. जुन्या भागात आता संग्रहालये, कारागिरांच्या कार्यशाळा आणि पाहुण्यांसाठी भाड्याची घरे आहेत. गावकरी बहुतांशी शेजारच्या नव्या वस्तीत राहतात. ईस्टरच्या सोमवारी पालोत्स पोशाखातील तरुण मुलींवर बादल्यांनी पाणी ओततात. ते पाहायला पर्यटकांची गर्दी होते.