औषधाचा माग काढणारे वीजवाहक पॉलिमर

प्लास्टिक म्हणजे विजेला अटकाव करणारा पदार्थ, ही समजूत १९७७ मध्ये मोडीत निघाली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अ‍ॅलन हीगर, अ‍ॅलन मॅकडायर्मिड आणि जपानचे हिदेकी शिराकावा यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीनच्या पापुद्र्यावर आयोडीनच्या वाफेची प्रक्रिया केली आणि त्याची वाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली. या शोधाबद्दल तिघांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पॉलिअ‍ॅसिटिलीन हवेत टिकत नाही. त्यामुळे औषधांचे प्रमाण मोजणाऱ्या संवेदकांसाठी पॉलिअ‍ॅनिलीन, पॉलिपायरोल आणि ‘पेडॉट’ या अधिक टिकाऊ पॉलिमरांचा वापर होऊ लागला.

असा संवेदक तयार करण्याची रीत सोपी आहे. पायरोलसारख्या मूळ रसायनाच्या द्रावणात इलेक्ट्रोड बुडवून ठरावीक विद्युतदाब दिला, की त्यावर पॉलिमरचा पातळ थर जमतो. किती विद्युतभार वाहू द्यायचा, यावर थराची जाडी ठरते. औषधाचे रेणू या थरापाशी येऊन इलेक्ट्रॉन देतात आणि प्रवाह निर्माण होतो. रेणू जितके अधिक, तितका प्रवाह मोठा.

या मोजणीचे महत्त्व पॅरासिटामॉलच्या उदाहरणावरून कळते. घरोघरी असलेल्या या औषधाची मात्रा अति झाल्यास यकृताला गंभीर इजा होते. त्यावरील एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत दिल्यास सर्वाधिक गुणकारी ठरतो. मात्र गोळ्या एकदम घेतल्या असतील, तर रक्तातील प्रमाणाचा भरवसा धरता येतो तो चार तासांनंतरच. म्हणजेच तपासणी आणि निर्णय यांसाठी हाती मोजकेच तास उरतात. विशेष म्हणजे, इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉन गमावल्यावर पॅरासिटामॉलपासून जो रेणू बनतो, तोच यकृतातही तयार होऊन पेशींना इजा करतो.

अडचण आहे ती रक्ताची. त्यातील यूरिक आम्ल व ‘क’ जीवनसत्त्व जवळपास त्याच विद्युतदाबाला इलेक्ट्रॉन देतात आणि मोजणीत घोटाळा होतो. त्यावर ‘रेणूचा ठसा’ हा उपाय योजला जातो. औषधाच्या उपस्थितीतच पॉलिमरचा थर जमवून नंतर औषध धुऊन काढले, की त्याच्या आकाराचे साचे मागे राहतात. कुलुपात किल्ली बसावी, तसे त्यांत प्रामुख्याने तेच औषध बसते.

तरीही रक्तातील प्रथिने पृष्ठभागावर चिकटतात आणि वारंवार वापराने थराची वाहकता घटते. प्रयोगशाळेतील स्वच्छ द्रावणात अचूक ठरलेल्या संवेदकाची खरी कसोटी रुग्णाच्या रक्ताच्या थेंबावरच लागते.