542 मतं आणि आमच्या घरची सात

मागच्या लेखात शनवाऱ्याच्या चुंगी नाक्याबद्दल लिहिलं, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की काका, नगर निगमच्या निवडणुकांबद्दलही एकदा लिहा. खरं सांगायचं तर हा विषय मी मुद्दाम टाळत होतो. राजकारणाची भीती वाटते असं नाही, पण त्यात आमच्या घरचा एक हिशेब अडकलेला आहे. आज लिहूनच टाकतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

बाहेरगावी असलेल्या आपल्या मुलांसाठी आधी दोन शब्द. पुण्या-मुंबईत ज्याला महानगरपालिका म्हणतात ते आपल्याकडे नगर निगम. तिकडचा नगरसेवक इकडे पार्षद. प्रभाग म्हटलं तर इथे कोणाला कळणार नाही, वार्ड म्हणावं लागतं. एक महापौर हा शब्द मात्र दोन्हीकडे सारखा, आणि तो मराठीतून हिंदीत गेला. सावरकरांनी भाषाशुद्धीच्या काळात 'मेयर'साठी तो काढला. आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींपैकी एकालाही हे माहीत नव्हतं. त्यावर पैज लावून मी एक पोह्यांची प्लेट जिंकलेली आहे.

आता मूळ गोष्ट. 17 जुलै 2022, रविवार. निगमच्या निवडणुकीची मतमोजणी. मतदान 6 जुलैला, बुधवारी झालं होतं. महापौरपद या वेळी महिलेसाठी राखीव होतं. निकाल असा लागला: भाजपच्या माधुरी पटेल 52,823, काँग्रेसच्या शहनाज अन्सारी 52,281, एमआयएमच्या शाईस्ता सोहेल हाश्मी 10,274. आणि 'नोटा', म्हणजे यातलं कोणीच नको, हे बटण दाबणारे 677.

फरक 542 मतांचा. माधुरीताई याआधीही महापौर होत्या, त्यामुळे नाव गावाला नवं नव्हतं. नवा होता तो हा आकडा. दोन लाखांच्या वर वस्तीचं आपलं गाव (2011 च्या जनगणनेत 2,10,886), 48 वार्ड. मी बँकेत 36 वर्षं काढली, आकडा दिसला की भागाकार केल्याशिवाय चैन पडत नाही. 542 भागिले 48, म्हणजे वार्डामागे साधारण 11 मतं. आणि इकडची मतं तिकडे गेली असती असं धरलं तर 272 माणसं पुरेशी होती, म्हणजे वार्डामागे सहासुद्धा नाहीत. एका मोठ्या घरात तेवढी माणसं असतात.

त्या दिवसापासून गावात एकच चर्चा. काँग्रेसवाले म्हणायचे, एमआयएमने मतं कापली, 10,274 हा फरकाच्या 19 पट आकडा आहे. भाजपवाले म्हणायचे, आमच्या कामाला मतं पडली. एमआयएमवाले म्हणायचे, मतं काही कोणाच्या बापाची जहागीर नाही. गांधी चौकात, चहाच्या टपरीवर, न्हाव्याच्या दुकानात हेच. आमच्या फिरायच्या मंडळींत एक निवृत्त मास्तर आहेत आणि एक पॉवरलूमवाले खातेदार, माझे तीस वर्षांपासूनचे ओळखीचे. दोघं यावरून असे भांडले की महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत. मास्तर ताप्तीच्या घाटाकडे जायचे, हे लालबागच्या रस्त्याने. मी एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. त्या महिन्यात माझे गुडघे चांगलेच दुखले.

माझं म्हणणं दोघांनाही पटलं नाही. लेजरमध्ये रक्कम दिसते, हेतू दिसत नाही. एमआयएमला मत देणारा माणूस ती उमेदवार नसती तर कोणाला देता, की घरीच बसता, हे कोणत्याही मशीनमधून निघत नाही. आणि नोटाच्या 677 चं काय? तो आकडाही फरकापेक्षा 135 ने जास्त आहे. त्यांच्याबद्दल कोणी ब्र काढला नाही. ते 677 जण निदान उन्हापावसात रांगेत उभे राहिले होते. जे आलेच नाहीत, त्यांचा तर हिशेबच कोणी मांडला नाही.

न आलेल्यांत आम्ही होतो.

धाकट्या मेहुण्याची साठीशांत पुण्यात होती. तिकिटं मे महिन्यातच काढलेली. तेव्हा मतदान कधी हे कोणालाच माहीत नव्हतं, होणार की नाही हेसुद्धा नक्की नव्हतं. मागच्या परिषदेची मुदत 2020 मध्येच संपली होती. आधी महापौर थेट निवडायचा की पार्षदांनी निवडायचा यावर भोपाळमध्ये घोळ. 2019 मध्ये कमलनाथ सरकारने थेट निवडणूक बंद केली, पुढे शिवराजसिंहांच्या सरकारने ती परत आणली. मग कोरोना. मग ओबीसी आरक्षणाचा खटला. सुप्रीम कोर्टाने 10 मे 2022 ला सांगितलं की आरक्षणाशिवाय निवडणूक घ्या, आणि आठच दिवसांनी, 18 मेला, आरक्षणासह घ्यायला परवानगी दिली. दोन वर्षांहून जास्त काळ गावावर प्रशासक. पाण्याची तक्रार घेऊन जायचं तर पार्षदच नाही. अशी ताणून ताणून आलेली निवडणूक, आणि त्या दिवशी आम्ही पुण्यात बासुंदी खात होतो. मी, सौ., मोठा मुलगा, सूनबाई, नातू (त्याचं पहिलंच मत), माझा भाऊ आणि वहिनी. सात मतं. झेलमने गेलो, झेलमनेच परत आलो. बोटाला शाई नाही हे घरात कोणाच्या लक्षातही आलं नाही, 17 तारखेपर्यंत.

सातने निकाल बदलला नसता, हे मलाही कळतं. आमची सातही मतं एकाच पारड्यात पडली असती याचीही खात्री नाही. आमच्या घरात तीन पक्ष आहेत आणि सूनबाईचा कोणता हे अजून कळलेलं नाही. पण त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आमच्या गल्लीतल्या मराठी घरांची यादी केली. नाव यादीत इथे, माणूस दुसरीकडे, अशी नावं मोजली. पुणे, इंदूर, जळगाव, नाशिक, बंगळुरू. एकट्या आमच्या गल्लीत, आमचे सात सोडून, 31 निघाली. सौ. म्हणाल्या, "अहो, झोपा आता, बँक बंद झाली."

इथे थोडं मागे जायला हवं. या गावात आपल्या लोकांचं बस्तान आजचं नाही. 1760 मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाने बुऱ्हाणपूर पेशव्यांना दिलं. पुढे ते शिंद्यांकडे गेलं आणि 1803 मध्ये कर्नल स्टीव्हन्सनने आधी गाव, मग काही दिवसांत असीरगड घेतला. तरी इंग्रजांच्या हाती कायमचं यायला 1860-61 उजाडलं. त्या काळात कारकुनी, वैद्यकी, शेती, व्यापार यांच्या निमित्ताने आलेली घरं इथेच राहिली. रावेर इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सोयरीक कायम खानदेशात. 1956 पर्यंत तर आपली राजधानीच नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 ला भोपाळ राजधानी झाली आणि आपण हिंदी राज्यातले मराठी झालो. कोणी उठवलं नाही, कोणी हाकललं नाही, फक्त पाटी बदलली.

नगरपालिका इंग्रजी अमलातली. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव 18 मे 1882 चा. लोकांनी निवडलेल्या सभासदांनी गावचा कारभार करावा, ही कल्पना त्यानंतर जोर धरू लागली. अर्थात मत सगळ्यांना नव्हतं, कर भरणाऱ्या, मिळकत असणाऱ्या मोजक्यांना होतं. कारभार म्हणजे तरी काय, पाणी, दिवे, सफाई आणि चुंगी. पाण्याच्या बाबतीत आपलं गाव नशीबवान. 1615 च्या सुमाराला, खानखानाच्या सुभेदारीत, इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपतं पाणी जमिनीखालून बोगद्याने गावात आणलं, तोच आपला कुंडी भंडारा. तिथे पंप नाही, उतारावर पाणी आपोआप येतं. ते बांधणाऱ्याला कोणी मत दिलं नव्हतं, असं मास्तर नेहमी म्हणतात. मी म्हणतो, गाळ काढायला मात्र पार्षद लागतो.

माझे वडील चुंगी नाक्यावर मुन्शी होते हे मागच्या लेखात आलंच आहे. 1976 मध्ये राज्यात चुंगी बंद झाली आणि पालिकेची स्वतःची कमाई आटली. त्यांचं मत होतं की त्या दिवसापासून पालिकेची खरी ताकद गेली, कारण पैसा भोपाळहून येऊ लागला. नगरपालिकेच्या निवडणुकीत मतदानाच्या दिवशी ते धोतर-टोपी घालून, देवाला नमस्कार करून जायचे. लग्नाला जावं तसे. मी विचारलं होतं, एवढं काय त्यात? म्हणाले, "दिल्लीचा माणूस मला ओळखत नाही. हा ओळखतो. याला मी विचारू शकतो."

आता तुम्ही म्हणाल, एवढं जुनं उकरून आज का काढलं? त्याचं कारण इंग्लंडहून आलेला एक फोन.

भावाचा मुलगा बेडफर्डला असतो. लंडनच्या उत्तरेला एक बरो आहे, आपल्यापेक्षा थोडी लहान, वस्ती 1,85,000 च्या आसपास. मे 2023 मध्ये त्याचा फोन आला. "काका, आमच्याकडेही तुमच्यासारखंच झालं! महापौर 145 मतांनी पडला." तिथेही महापौर लोक थेट निवडतात. लिबरल डेमोक्रॅट डेव्ह हॉजसन 2009 पासून महापौर होते, ते काँझर्व्हेटिव्ह टॉम वूटन यांच्याकडून 145 मतांनी हरले.

मी त्याला खोदून खोदून विचारलं, आणि त्यातून एक मजेशीर गोष्ट कळली. तिथे आधी मतपत्रिकेवर दोन रकाने असायचे, पहिली पसंती आणि दुसरी पसंती. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नाही मिळाली तर पहिले दोघे ठेवायचे, बाकीचे बाद, आणि बाद झालेल्यांच्या मतदारांनी दुसरी पसंती या दोघांपैकी कोणाला दिली असेल ती त्यांच्यात मिळवायची. 2022 च्या कायद्याने ही पद्धत बंद झाली आणि 2023 पासून आपल्यासारखं, ज्याला जास्त तो विजयी. त्यामुळे तिथेही निकालानंतर वाद, जुनी पद्धत असती तर काय झालं असतं? मी हे मास्तरांना आणि खातेदारांना सांगितलं. तोपर्यंत दोघं पुन्हा बोलू लागले होते. खातेदार लगेच म्हणाले, "साहब, हमारे यहाँ दो खाने होते तो झगड़ा ही नहीं होता." मास्तर म्हणाले, दोन रकाने असते तर दोन भांडणं झाली असती.

इतक्या थोड्या मतांवरून आपल्या दादाभाई नौरोजींची आठवण झाली. 1892 मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून ते पार्लमेंटवर गेले ते फक्त पाच मतांनी. तिथल्या लोकांनी त्यांना 'नॅरो मेजॉरिटी' असं टोपणनाव ठेवलं होतं.

पण फोनवरची जी गोष्ट मला लागली ती वेगळीच. मी विचारलं, "तू मतदान केलंस का?" मला वाटलं तो नाही म्हणेल, कारण नागरिकत्व अजून आपलंच. तो म्हणाला, "केलं ना. इथे कॉमनवेल्थ देशांतल्या रहिवाशांना मत असतं." त्या वर्षी तिथे प्रथमच फोटो ओळखपत्र सक्तीचं झालं होतं, तर याने आपला भारताचा पासपोर्ट दाखवला. तोही चालतो. पेन्सिलने कागदावर फुली मारली आणि कामावर गेला. पाच मिनिटं लागली म्हणाला.

म्हणजे बुऱ्हाणपूरचा मुलगा, भारताचा पासपोर्ट घेऊन, इंग्लंडच्या बरोचा महापौर निवडून आला. आणि त्याचा काका, त्याची आई, त्याचे वडील, गावात घर असून, घरपट्टी भरून, स्वतःच्या गावच्या महापौराच्या वेळी गैरहजर. मी त्याला हे बोललो नाही. त्यानेच विचारलं, "काका, तुम्ही कोणाला दिलं होतं?" मी म्हटलं, "मत गुप्त असतं रे." फोन ठेवल्यावर सौ. माझ्याकडे बघून हसल्या, पण फार नाही.

मास्तरांच्या मते याचा एवढा बाऊ करायचं कारण नाही. मुलं जिथे राहतात तिथे त्यांनी मत द्यावं, हेच बरोबर, आणि कायदाही तेच सांगतो. मान्य. माझी अडचण पुढची आहे. त्या 31 जणांपैकी बऱ्याच जणांनी पुण्यातही नाव घातलेलं नाही. इथे ते येत नाहीत, तिथे ते यादीत नाहीत. कुठल्याच महापौराला त्यांना विचारायला जायची गरज नाही. आणि आपल्या वार्डाचा उमेदवार हिशेब करायला बसतो तेव्हा त्यालाही हे कळतं. त्या निवडणुकीत आमच्या गल्लीत प्रचाराला एकच उमेदवार आला होता, तोही कोपऱ्यापर्यंत. तेव्हा मला राग आला होता. आता येत नाही.

पुढची निवडणूक वेळेवर झाली तर 2027 मध्ये. मी मागच्याच आठवड्यात मतदार यादी काढून आमची नावं पाहिली. भाऊ, वहिनी, मुलगा, सूनबाई, आम्ही दोघं, सगळे आहेत. सौं.च्या नावात वडिलांचं नाव चुकलंय, त्याचा फॉर्म भरला. नातू आता पुण्यात नोकरीला. त्याला फोन केला तर म्हणाला, "आजोबा, मी नाव इकडे ट्रान्सफर केलं, मार्चमध्येच." बरं केलंस म्हटलं. म्हणजे आता आमची सहा.