भीमाशंकराच्या दोन वाटा

कर्जत तालुक्यातील खांडस गाव मागे पडले की भीमाशंकराच्या दोन वाटा फुटतात. शिडीघाटाची वाट थेट कड्याला भिडते. एका हातात शिडीची कांब आणि दुसरा हात कातळातील खाचेत, असे करीत ती चढावी लागते. गणेशघाटाची वाट गणपतीच्या देवळावरून, पदरगडाच्या अंगाने, लांबचा पण सोपा वळसा घेते. पदराच्या सपाटीवर दोन्हींची गाठ पडते आणि तेथून पुढे निबिड अरण्यातली एकच खडी चढण, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून अधिक उंचीवर, घाटमाथ्याला पोहोचते. पहाटे शिडीने चढून सायंकाळी गणेशघाटाने उतरणारे हौशी प्रवासी आता पुष्कळ दिसतात. परंतु या वाटा हौसेखातर पडलेल्या नाहीत.

कोकणातून देशावर जाणाऱ्या यात्रेकरूंच्या आणि डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांच्या पायांनी त्या मळल्या. पेशवाईत नाना फडणिसांनी देवळाचे शिखर उभारले, तेव्हा या क्षेत्राची प्रतिष्ठा वाढली; आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई सर केल्यानंतर तिकडून आलेली फिरंगी घडणीची मोठी घंटा आजही देवळासमोर टांगलेली आहे. अशा घाटवाटांवरची चौकी आणि आसपासच्या गडांचा बंदोबस्त ज्यांच्याकडे असे, ते बहुतांशी याच डोंगरांतले महादेव कोळी नाईक होते. मुलूख त्यांच्या पायांखालचा होता आणि सरकारलाही त्याची जाण होती.

१८१८ साली राज्य बदलले, गडांवरची शिबंदी मोडली, पिढ्यान्‌पिढ्यांची नेमणूक आणि मान गेला, आणि उरले ते सावकाराचे गहाणखत. त्यातून सह्याद्रीत एकामागून एक बंडे उठली. त्यांतील एका बंडाचे नायक राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्यास फाशी देण्यात आली. पुढे याच परिसरातील जांभोरीच्या होनाजी केंगले यांनी सावकारशाहीविरुद्ध शस्त्र धरले आणि १८७६ साली ते पकडले गेले. ज्या चोरवाटांवर या नाईकांनी एकेकाळी सरकारसाठी पहारा केला, त्याच वाटांची आता त्यांच्यासाठी नाकेबंदी झाली.

वाटांचे व्यापारी महत्त्व मात्र शस्त्राने नव्हे, रस्त्याने संपविले. १८३० साली बोरघाट गाड्यांना खुला झाला, १८६३ साली तेथून आगगाडी धावू लागली, आणि डोक्यावरचे ओझे चाकांवर गेले. त्यानंतर १८७८ च्या जंगल कायद्याने रानातल्या वहिवाटीवरही सरकारी शिक्का बसला. तरीही रान टिकले. देवाच्या नावाने राखलेल्या देवराईवर कुऱ्हाड चालविण्यास येथील माणूस धजत नसे, आणि तेच रान त्याचे पोट भरीत असे. चैत्र-वैशाखात हिरड्याची कोवळी फळे काठीने झोडायची, अंगणात पसरून काळी ठिक्कर पडेतो वाळवायची आणि त्या बाळहिरड्याच्या पैशांवर पावसाळ्याची बेगमी करायची, हा क्रम आजही चालू आहे. त्यामुळे उभे झाड तोडण्यापेक्षा जतन करण्यातच त्याचा स्वार्थ आणि श्रद्धा एकवटल्या. १९८५ साली शासनाने येथे अभयारण्य जाहीर केले आणि शेकरू या मोठ्या खारीच्या वस्तीला कायद्याचे छत्र मिळाले. पण जे अरण्य राखायचे होते, ते तोवर कोणी राखले होते, याचे उत्तर दप्तरात शोधण्यापेक्षा पदरवाडीसारख्या वाड्यांत शोधावे.

म्हणूनच या वाटांनी निघणाऱ्याने या डोंगरास केवळ निसर्गाची देणगी मानू नये. जेथे जेथे अरण्यरक्षणाचे नियम होतील, तेथे या वाड्यांची वहिवाट आणि हिरड्यावरचा हक्क प्रथम मान्य झाला पाहिजे. कारण ज्यांनी रान राखले त्यांनाच रानात परके ठरविणे, हा अन्याय १८१८ नंतर येथे एकदा होऊन गेला आहे आणि त्याची पुनरावृत्ती कोणत्याही सरकारास शोभणारी नाही.